फ्लॉरेन्स ॲलन : ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या बाई



आठवीच्या नागरिकशास्त्रात न्यायव्यवस्थेचा धडा आला की मुलं सर्वोच्च, उच्च, जिल्हा अशी उतरंड पाठ करतात, आकृती काढतात, चौकटी भरतात आणि धडा संपतो. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेला माणूस मात्र त्या चौकटीत कुठेच नसतो. तो कुठून आला, आधी काय करत होता, त्याचं कुठे चुकलं, हे कळलं की मुलं धड्यात रमतात असा माझा अनुभव आहे. म्हणून दरवर्षी या धड्याबरोबर मी एका न्यायाधीशाची गोष्ट सांगते. न्यायमूर्ती रानडे तर झालेच, त्यांच्याशिवाय आपल्याकडे हा विषय सुरूच होत नाही. यंदा मात्र मी जरा लांबची गोष्ट निवडली.

कारण सांगते. पालक सभेला एका मुलीचे वडील आले होते. मुलगी हुशार, वक्तृत्वात तालुक्याला नंबर आलेला. तिला वकील व्हायचंय. वडील माणूस साधा, मुलीवर जीव असलेला. पण म्हणाले, “मॅडम, बाईमाणसानं वकिली करून काय करायचं? शेवटी नवरा-बायकोच्या भांडणाच्याच केसेस येणार वाट्याला.” मागे आणखी पालक ताटकळत उभे होते, तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण घरी जाताना मला फ्लॉरेन्स ॲलन आठवल्या. अगदी याच अर्थाचं काहीतरी शंभर वर्षांपूर्वी त्यांना त्यांच्याच सोबतच्या न्यायाधीशांनी सुचवलं होतं. ते पुढे येईलच.

आधी एक घोळ सोडवून घेऊ, कारण मुलं इथेच अडतात. आपल्याकडे ‘सर्वोच्च न्यायालय’ एकच, दिल्लीतलं. राज्याला असतं ते उच्च न्यायालय. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याची आपली स्वतंत्र न्यायव्यवस्था आणि तिच्या शेंड्याला त्या राज्याचं सर्वोच्च न्यायालय. शिवाय देशाची वेगळी, म्हणजे संघराज्याची न्यायालयं, आणि त्यांच्या वर वॉशिंग्टनमधलं सर्वोच्च न्यायालय. दोन जिने शेजारी शेजारी आहेत असं फळ्यावर काढून दाखवावं. (न्यूयॉर्क राज्यात तर गंमतच आहे. तिथे ‘सुप्रीम कोर्ट’ हे खालचं, खटले चालवणारं न्यायालय, आणि सगळ्यात वरचं ‘कोर्ट ऑफ अपील्स’. पण हे वर्गात सांगू नका, पेपरात कोणीतरी तेच लिहून येईल!)

आणखी एक फरक. आपल्याकडे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश राष्ट्रपती नेमतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मात्र न्यायाधीश लोकांच्या मतांनी निवडून येतात. ओहायो हे त्यातलंच एक. तिथल्या सर्वोच्च न्यायालयात सात न्यायाधीश, मुदत सहा वर्षांची, आणि ॲलनबाईंच्या काळात मतपत्रिकेवर न्यायाधीशाच्या नावापुढे पक्षाचं नाव नसायचं. न्यायाधीशाने मतं मागत फिरणं आपल्याला विचित्र वाटतं, मलाही वाटतं. पण या गोष्टीत तेच एका बाईच्या उपयोगी पडलं, हे विसरता येत नाही.

फ्लॉरेन्सचा जन्म २३ मार्च १८८४ चा, युटा प्रांतातल्या सॉल्ट लेक सिटीचा. वडील क्लॅरेन्स एमिर ॲलन हे आधी जुन्या भाषांचे शिक्षक. मुलीला लॅटिन आणि ग्रीक घरीच शिकवलं. पुढे ते वकील झाले आणि युटाला राज्याचा दर्जा मिळाल्यावर तिथले अमेरिकी काँग्रेसचे पहिले प्रतिनिधी झाले. आई कोरिन ही स्मिथ कॉलेजच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक, ग्रंथालयं आणि महिला मंडळांच्या कामात बुडालेली. घर असं होतं. पण घराइतकंच त्या गावाचंही महत्त्व आहे. युटात बायकांना १८७० मध्येच मताचा अधिकार मिळाला होता. १८८७ मध्ये काँग्रेसने कायदा करून तो काढून घेतला, आणि १८९६ मध्ये युटा राज्य झालं तेव्हा नव्या राज्यघटनेने तो परत दिला. अधिकार मिळतो, जातो, परत मिळतो, हे या मुलीने तिसऱ्या ते अकराव्या वर्षाच्या दरम्यान डोळ्यांनी पाहिलं. नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.

गंमत म्हणजे तिला कायदा शिकायचाच नव्हता. तिला पियानो वाजवायचा होता. क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या महिला महाविद्यालयातून ती १९०४ मध्ये पदवीधर झाली आणि पियानोचं पुढचं शिक्षण घ्यायला बर्लिनला गेली. तिथे हाताची नस दुखावली. मैफली करणारी पियानोवादक होणं संपलं. वय बावीस.

इथे मी वर्गात थांबते. मुलांना विचारते, आता काय करायचं? उत्तरं ठरलेली येतात, “जिद्द सोडायची नाही.” कोणाची तरी निबंधाची वही बोलत असते. पण खरं सांगायचं तर तिने जिद्द सोडली. पियानोची जिद्द सोडली. १९०६ मध्ये ती क्लीव्हलंडला परतली, ‘प्लेन डीलर’ या तिथल्या दैनिकात संगीताचं परीक्षण लिहू लागली आणि लॉरेल स्कूल या मुलींच्या शाळेत शिकवू लागली. होय, आपल्यासारखीच मास्तरीण! शिकवता शिकवता तिने राज्यशास्त्रात एम. ए. केलं, १९०८ मध्ये. आणि राज्यशास्त्रातून तिला कायद्याची गोडी लागली. ज्या पालकांना मुलाने दहावीनंतर धरलेली वाट एकदाही बदलू नये असं वाटतं, त्यांच्यासाठी हा परिच्छेद मी जरा सावकाश वाचते.

वेस्टर्न रिझर्व्हचं विधी महाविद्यालय मुलींना प्रवेश देत नव्हतं. ज्या विद्यापीठाने तिला दोन पदव्या दिल्या, त्याच विद्यापीठाचा हा एक दरवाजा बंद. मग ती शिकागोला गेली, तिथे वर्षभर शिकली, आणि नंतर न्यूयॉर्कला. न्यूयॉर्क विद्यापीठातून १९१३ मध्ये कायद्याची पदवी घेतली ती वर्गात दुसरी येऊन. खर्च भागवायला संगीतावर व्याख्यानं द्यायची, मताधिकार चळवळीचं काम करायची. (योगायोग म्हणून सांगते, त्याच वर्षी, १९१३ च्या जुलैमध्ये, बाबासाहेब आंबेडकर त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकायला उतरले होते.)

वकिलीची सनद घेऊन ती क्लीव्हलंडला आली खरी, पण अशील कुठून येणार? नव्या वकिलाकडे कोणी येत नाही, आणि नवी वकील बाई असेल तर रस्ता बदलतात. ती गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेचं काम करू लागली. त्याच वेळी बायकांच्या मताधिकारासाठी ओहायोभर भाषणं. १९१२ मध्ये ओहायोच्या मतदारांनी, म्हणजे अर्थात पुरुषांनी, हा प्रस्ताव फेटाळला. १९१४ मध्ये पुन्हा फेटाळला.

मग तिने आणि तिच्या सोबतिणींनी वेगळा रस्ता काढला. सगळ्या राज्यात नाही मिळत ना, मग एका शहरात मिळवू. क्लीव्हलंडच्या शेजारच्या ईस्ट क्लीव्हलंड गावाने १९१६ मध्ये आपल्या सनदेत बायकांना नगरपालिकेपुरता मताधिकार दिला. तो वैध आहे का, हा वाद ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे ॲलनने बाजू मांडली. १९१७ मध्ये न्यायालयाने अधिकार मान्य केला. मला ही पायरी फार आवडते. मोठं दार उघडत नाही म्हटल्यावर खिडकीची कडी तपासणारी माणसं असतात, त्यातली ती. आणि ज्या न्यायालयासमोर ती त्या दिवशी उभी होती, त्याच न्यायालयात पाच-सहा वर्षांनी ती बसणार होती.

२६ ऑगस्ट १९२० ला अमेरिकेच्या राज्यघटनेत एकोणिसावी दुरुस्ती झाली आणि देशभरच्या बायकांना मत मिळालं. निवडणूक नोव्हेंबरात. पक्षांच्या प्राथमिक फेऱ्या होऊन गेल्या होत्या, त्यामुळे न्यायाधीशपदाला उभं राहायचं तर मतदारांच्या सह्यांचा अर्जच हवा. मताधिकार चळवळीतल्या बायका रस्त्यावर उतरल्या, सह्या गोळा केल्या. अवघ्या दोन-सव्वादोन महिन्यांपूर्वी मतदार झालेल्या त्या बायकांनी आपल्यातल्या एकीला क्लीव्हलंडच्या कॉमन प्लीज न्यायालयावर निवडून पाठवलं. हे आपल्या जिल्हा न्यायालयाच्या तोडीचं समजा.

आता ती मघाची गोष्ट. ॲलनबाई न्यायालयात रुजू झाल्या तेव्हा सहकारी न्यायाधीशांनी एक सूचना केली. घटस्फोट आणि कौटुंबिक तंट्यांचा वेगळा विभाग करू आणि तो बाईंकडे देऊ. सूचना वाईट हेतूने केली असंही नाही. त्यांना ते अगदी स्वाभाविक वाटलं असणार. बाई आहेत, बायकांचं बघतील! ॲलनबाईंनी नकार दिला. कारण काय दिलं, तर मी अविवाहित आहे, तुम्ही सगळे संसारी, लग्नाचा अनुभव तुम्हालाच जास्त. तेव्हा ते काम तुम्हीच करा. यावर कोण काय बोलणार!

हे वाचलं तेव्हा मला माझी पूर्वीची एक शाळा आठवली. तिथे स्नेहसंमेलन आलं की समित्या फळ्यावर लागायच्या. रांगोळी, औक्षण, पाहुण्यांचं स्वागत, अल्पोपाहार, ही सगळी बायकांची नावं. हिशेब, वेळापत्रक, परीक्षा विभाग, ही पुरुषांची. कोणी जाहीर केलेलं नव्हतं, पण वर्षानुवर्षं यादी तशीच. एका वर्षी मी वेळापत्रक मागितलं. मुख्याध्यापक हसून म्हणाले, “मॅडम, घरचं सांभाळून जमेल का? डोक्याला ताप आहे तो.” मी म्हटलं, “सर, घरी पाच माणसांचे डबे, दोन शिफ्ट आणि एक बाथरूम, याचं वेळापत्रक रोज बसवते.” स्टाफरूममध्ये हशा झाला आणि काम मिळालं. ताप होताच, खोटं कशाला बोलू. जून महिनाभर पेन्सिल आणि खोडरबर घेऊन रात्री बसायचे. पण कोणाला किती तास, कोणाला शेवटचा तास कायम का, हे सगळं त्या एका कागदात असतं, हे मला तेव्हा कळलं. शाळा कशी चालते ते रांगोळीच्या समितीतून दिसत नाही.

ॲलनबाईंना हेच दिसलं असावं. कौटुंबिक तंट्याचं काम हलकं नाही, उलट ते फार अवघड. आपल्याकडच्या कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्यांना विचारा. प्रश्न कामाच्या मोठेपणाचा नव्हताच. काम कोणी वाटायचं आणि कशाच्या आधारावर, एवढाच प्रश्न होता. एकदा तो विभाग स्वीकारला असता तर पुढे येणारी प्रत्येक बाई तिथेच जाऊन बसली असती.

त्याऐवजी त्यांच्यासमोर सगळ्या तऱ्हेचे खटले आले. १९२१ मध्ये फ्रँक मोटो या गुंडावरचा खुनाचा खटला त्यांच्यासमोर चालला. तो दोषी ठरला आणि त्यांना मृत्युदंड सुनवावा लागला. अमेरिकेत असं करणाऱ्या त्या पहिल्या महिला न्यायाधीश. त्यांना धमक्याही आल्या. त्याच शहराच्या नगर न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश मॅकगॅनन यांच्यावरचा खोट्या साक्षीचा खटलाही त्यांच्याच पुढे आला आणि त्यांनी त्यांना शिक्षा सुनावली. फाशीच्या शिक्षेबद्दल माझं मत वेगळं आहे, तो विषय इथे नको. पण ‘बाई आहे, मऊ पडेल’ म्हणणाऱ्यांची तोंडं त्या वर्षी बंद झाली.

दोन वर्षं होत नाहीत तोच, १९२२ मध्ये, त्या ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयासाठी उभ्या राहिल्या. पक्षाचं पाठबळ नाही. पण मताधिकाराच्या लढ्यातल्या बायका गावोगाव पसरलेल्या होत्या. त्यांनी ठिकठिकाणी ‘फ्लॉरेन्स ॲलन क्लब’ काढले आणि त्यांना निवडून आणलं. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बसलेल्या त्या पहिल्या महिला. १९२८ मध्ये परत निवडून आल्या, आणि तेही आधीपेक्षा कितीतरी मोठ्या मताधिक्याने. मध्ये १९२६ मध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी आणि १९३२ मध्ये काँग्रेससाठी प्रयत्न करून पाहिला, दोन्ही वेळा हरल्या. लोकांनी त्यांना न्यायाधीश म्हणूनच पसंत केलं.

फळ्यावर याच्या शेजारी आपल्याकडच्या तारखा लिहिल्या की मुलं चटकन जागी होतात. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ मध्येच दिली होती. पण भारतात बायकांना वकिली करण्याची मुभा देणारा कायदा आला १९२३ मध्ये. म्हणजे तिकडे ॲलनबाई राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बसल्या, त्या वर्षी.

१९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना संघराज्याच्या सहाव्या विभागीय अपील न्यायालयावर नेमलं. (फळ्यावरचा दुसरा जिना.) ओहायो, मिशिगन, केंटकी आणि टेनेसी या चार राज्यांची अपिलं तिथे येतात. या दर्जाच्या न्यायालयावरही पहिल्या बाई त्याच. स्वागत कसं झालं? तिथल्या एका न्यायाधीशाने ही बातमी ऐकून दोन दिवस अंथरूण धरलं, असं सांगतात. त्याच वर्षी त्या पन्नाशीच्या झाल्या होत्या, अकरा वर्षं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात काढली होती, तरी हे. तिथे त्यांनी पेटंटच्या किचकट, यंत्रांच्या आकृत्यांनी भरलेल्या खटल्यांत नाव कमावलं. १९३८ मध्ये टेनेसी व्हॅली प्राधिकरणाविरुद्ध खाजगी वीज कंपन्यांनी लावलेला मोठा खटला तीन न्यायाधीशांपुढे चालला, त्याच्या अध्यक्षस्थानी त्या होत्या. निकाल प्राधिकरणाच्या बाजूने लागला. भूगोलाच्या शिक्षकांसाठी एक दुवा सांगते, आपल्या दामोदर खोरे महामंडळाची आखणी याच टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर झाली.

देशाच्या सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांचं नाव पुन्हा पुन्हा चर्चेत यायचं आणि मागे पडायचं. १९४९ मध्ये दोन जागा रिकाम्या होत्या. महिला कार्यकर्त्यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्याकडे आग्रह धरला. त्यांनी न्यायालयात चाचपणी केली. उत्तर असं आलं म्हणतात की, बाई आल्या तर आम्हाला बैठकीत कोट काढून, कॉलर सैल करून, बूट काढून मोकळेपणाने बसता येणार नाही. दोन्ही जागांवर पुरुष नेमले गेले. हे वाचून दाखवल्यावर माझ्या वर्गातली मुलं पोट धरून हसली. मुली हसल्या नाहीत, किंवा कमी हसल्या. तिथली पहिली महिला न्यायाधीश, सँड्रा डे ओकॉनर, नेमली गेली १९८१ मध्ये.

ॲलनबाई १९५८ मध्ये त्या विभागीय न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या आणि १९५९ मध्ये निवृत्त. त्याच १९५९ मध्ये केरळ उच्च न्यायालयात ॲना चांडी यांची नेमणूक झाली, आपल्या देशातल्या उच्च न्यायालयातल्या त्या पहिल्या बाई. मुंबई उच्च न्यायालयाला त्यासाठी १९७८ पर्यंत, सुजाता मनोहर येईपर्यंत, थांबावं लागलं. ॲलनबाईंचं आत्मचरित्र १९६५ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी, १२ सप्टेंबर १९६६ ला, त्या गेल्या.

एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. तारखेप्रमाणे ती आधी यायला हवी होती.

१९३३. ॲलनबाई अजून ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयात होत्या. डोरिस वीव्हर नावाची एक कृष्णवर्णीय विद्यार्थिनी ओहायो स्टेट विद्यापीठात गृहविज्ञान शिकत होती. त्या अभ्यासक्रमात एक अट होती. विद्यार्थिनींनी काही काळ विद्यापीठाच्या एका घरात एकत्र राहायचं आणि घर चालवायचं, म्हणजे बाजार, स्वयंपाक, हिशेब, सगळं मिळून. वीव्हरला गोऱ्या मुलींबरोबर तिथे राहू देणार नाही, असं विद्यापीठाने सांगितलं. तिची सोय वेगळी करू म्हणाले. ती न्यायालयात गेली. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाची बाजू घेतली. त्या निकालाला फ्लॉरेन्स ॲलन यांची संमती होती.

पुढे त्यांचं नाव देशाच्या सर्वोच्च न्यायालयासाठी निघालं तेव्हा कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेने विरोध केला, तो याच निकालाकडे बोट दाखवून. वेगळं शिक्षण म्हणजे विषम शिक्षण, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं ते १९५४ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी.

माझी एक सहकारी मैत्रीण म्हणाली, “अगं, इतकी छान गोष्ट सांगतेस, मुली हरखून ऐकतात, मग शेवटी ती कशाला बिघडवतेस? आठवीची पोरं ती.” तिचं म्हणणं मला अगदीच पटत नाही असं नाही. मुलींना कोणीतरी मोठं करून दाखवायची गरज असते, आणि अशी माणसं आधीच मोजकी. पण मी वीव्हरची गोष्ट गाळली असती तर वर्गात कोणासाठी गाळली असती? ज्यांच्या आजीला पाणवठ्यावर लांब उभं राहावं लागलं अशी मुलंही त्याच बाकांवर बसलेली असतात. विधी महाविद्यालयाचं दार ज्या बाईवर बंद झालं, तिच्याच सहीनिशी दुसऱ्या एका विद्यार्थिनीवर घराचं दार बंद झालं. पहिली गोष्ट जितकी खरी तितकीच दुसरीही. ‘त्या काळी तसंच होतं’ असं म्हणून सुटता येत नाही, कारण त्याच काळी ती मुलगी ते मान्य नाही म्हणून न्यायालयाची पायरी चढली होती.

मी सांगितलं. वर्ग बराच वेळ गप्प होता. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, म्हणजे चवदार तळ्यासारखंच की.” मी फळ्यावर १९३३ च्या वर १९२७ लिहिलं आणि खाली काही बोलले नाही.

त्यानंतर एक काम दिलं. आपल्या वर्गातही करून बघा, खर्च शून्य आणि तास एकच पुरतो. मुलांना सांगितलं, समजा तुम्ही त्या न्यायालयातले न्यायाधीश आहात. वीव्हरच्या खटल्याचा निकाल लिहा. दहा ओळी. अट एकच, ‘अन्याय झाला’ एवढं लिहून चालणार नाही, का झाला ते लिहायचं. आणि विद्यापीठाचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत नीट मांडायचं, मगच ते खोडायचं. ही दुसरी अट फार कामाची आहे. मुलांना समोरच्याची बाजू लिहिताना खरोखर घाम फुटतो.

छत्तीस निकाल आलेत. बरेचसे भाषणासारखे आहेत, ते अपेक्षितच होतं. एका मुलीने लिहिलंय, “एकत्र राहून घर चालवायला शिकणे हाच जर अभ्यास असेल, तर तिला वेगळे ठेवणे म्हणजे तिला तो विषयच न शिकवणे होय. मग तिला पास तरी कशात करणार?” हे मी दोनदा वाचलं. पाच जणांनी मात्र विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिलाय. दोघांनी कंटाळून दिलाय हे अक्षरावरून कळतं. पण तिघांनी विचार करून लिहिलंय, वेगळी सोय तर देत होते, संस्थेला आपले नियम करायचा अधिकार असतो, नियम म्हणजे नियम. त्या तिघांच्या वह्यांवर मी अजून लाल पेन लावलेलं नाही. गुरुवारी त्यांनी आपले निकाल वर्गासमोर वाचायचे आणि इतरांनी प्रश्न विचारायचे असं ठरलंय. तास कमी पडेल, म्हणून पी. टी. च्या सरांकडून त्यांचाही मागून घेतलाय.